मॅक फिल्टर म्हणजे पासवर्ड नव्हे

आपल्या घणसोलीच्या सोसायटी ग्रुपवर परवापासून फिरतंय : ‘क्लबहाउसच्या वाय-फायला मॅक फिल्टर लावलाय, आता पासवर्ड काढून टाका.’ हे चूक आहे. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे फोन-लॅपटॉपचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, आणि मॅक फिल्टर म्हणजे यादीतले क्रमांक सोडून बाकीच्यांना अडवणं. मॅक अ‍ॅड्रेस हवेत उघडाच फिरतो. एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करून पाठवणं) असलं तरी तो झाकला जात नाही. शेजारच्या विंगमधला एखादा उद्योगी पोरगा तो टिपून आपल्या लॅपटॉपला लावू शकतो. गेटवर कुणी नुसता फ्लॅट नंबर सांगितला आणि वॉचमनने सोडलं, तसंच हे. (आपल्याकडे सोडतातही, तो वेगळा विषय.) शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक लपवून दुसराच दाखवतात, म्हणजे अडकणार आपलेच सभासद. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ या वाय-फाय सुरक्षा पद्धतीचा पासवर्ड राहू द्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर मात्र सगळ्यांच्या वापरातल्या त्या वाय-फायवरून आजच काढा.