आईची बादली आणि मीटरचा लाल दिवा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळचे सहा वाजले होते, मी बाथरूमच्या बाहेरून चाललो होतो आणि आतून आईचा श्वास अडकल्यासारखा आवाज आला. बघतो तर गिझरचं बटण बंद. आई ७४ वर्षांची आहे. नाशकात त्या आठवड्यात अशी थंडी होती की फरशीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता, आणि तिकडे आमच्या निफाडात द्राक्षबागा वाचवायला लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवत होते. अशा थंडीत ती गार पाणी अंगावर घेत होती.

बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "अरे, बिल केवढं आलं होतं. माझ्या एकटीसाठी कशाला तो चालू करायचा?"

आठ दिवसांपूर्वी बिलावरून घर डोक्यावर घेतलं होतं ते मीच. ३१२ युनिट. मी सगळ्यांनाच बोललो होतो, मनावर घेतलं तिने एकटीने. किती दिवस हे चाललं होतं, हे ती अजूनही नीट सांगत नाही.

तेव्हापासून वीज वाचवणे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. आपण सगळे चुकीच्या जागी काटकसर करतोय, आणि त्याची झळ घरातल्या ज्या माणसाला उलट बोलता येत नाही त्याला बसते, असं माझं स्पष्ट मत झालंय.

त्या रविवारी मी घरातलं सगळं बंद केलं. फ्रीज, वायफाय, सगळं. मग वही घेऊन मीटरपाशी गेलो. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट असं छापलंय, म्हणजे तो छोटा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. मुलाला वर उभं केलं आणि फोनवर सांगितलं, आजीच्या खोलीबाहेरचा दिवा लाव. ९ वॅटचा एलईडी. मीटरचा लाल दिवा एकदा लुकलुकला, मग मी वाट बघत राहिलो. दोन मिनिटं होऊन गेल्यावर तो पुन्हा लुकलुकला. मग म्हटलं, तो बंद कर आणि गिझर लाव. सेकंदाला जवळजवळ दोनदा! मिनिटात शंभराच्या वर गेला. हाताने मोजता येईना.

तो पॅसेजमधला दिवा मी रोज रात्री झोपताना बंद करायचो. आई रात्री दोनदा उठते, भिंतीला धरून चाचपडत जाते. दहा तास तो चालू राहिला तर ०.०९ युनिट होतं, म्हणजे दीड रुपयासुद्धा नाही. आणि मी सकाळी शॉवरखाली दहा मिनिटं उभा राहायचो. शॉवरमधून मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी पडतं. ९० लिटर पाणी १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण २.३ युनिटं लागतात. माझ्या एका अंघोळीत आईचा दिवा पंचवीस रात्री जळला असता. त्या अंधारात ती पडली असती तर?

हिशोब अवघड नाही, घरात कुणालाही करता येतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. नेहमीचा विजेचा गिझर कितीही महागडा आणा, हा आकडा काही खाली येत नाही. २० लिटरची बादली कोमट-कढत करायची तर अर्धं युनिट. आईची अंघोळ म्हणजे अर्धं युनिट, सगळे आकार धरून सहा-सात रुपये. तेवढ्यासाठी ती कुडकुडत होती. मी आणि माझा मुलगा, आम्ही दोघं शॉवरखाली रोज साडेचार युनिटं वाहवत होतो.

ज्या वस्तूचं काम उष्णता तयार करणं आहे, ती वस्तू बिल वाढवते. गिझर, इस्त्री, हीटर, इंडक्शन शेगडी. एसी उष्णता खेचून बाहेर टाकतो, तोही त्याच पंगतीतला. दिवे, टीव्ही, मोबाइलचा चार्जर ही मंडळी त्या मानाने किरकोळ आहेत. साठ वॅटचे पिवळे बल्ब होते तेव्हा "दिवे बंद करा" या ओरडण्याला अर्थ होता. बल्ब बदलले, आपली ओरड तीच राहिली. आणि ती ओरड ऐकतं कोण? आजी-आजोबा, सून, कामाला येणाऱ्या मावशी. घरातला कमावता पुरुष किती वेळ शॉवर घेतो हे त्याला कोण विचारणार?

महावितरणच्या बिलात घरगुती ग्राहकाचे टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्याचा दर आणि दुसऱ्याचा दर यांत दुपटीहून जास्त फरक आहे. पुष्कळांना वाटतं की १०१ वं युनिट पडलं की सगळीच युनिटं महाग होतात. तसं नाही. वरच्या टप्प्यातली युनिटंच तेवढी वरच्या दराने लागतात. पण याची दुसरी बाजू अशी की तुम्ही वाचवता ते युनिट नेहमी सगळ्यात वरचं, सगळ्यात महागाचं असतं. वर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क. बिलाची मागची बाजू एकदा वाचाच. मी वीस वर्षं फक्त "भरायची रक्कम" बघत आलो.

आता आम्ही काय केलं ते सांगतो.

सगळ्यात आधी आईचं पाणी कमी करायचं नाही हे ठरवलं. तिच्या वेळेलाही हात लावायचा नाही. कुणीतरी सुचवलं की म्हाताऱ्या माणसांनी दुपारी अंघोळ करावी, टाकीतलं पाणी उन्हाने आपोआप तापलेलं असतं. सूचना चांगली आहे, पण आई अंघोळ झाल्याशिवाय देवाला हात लावत नाही आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाही. तिला बाराला अंघोळ करायला सांगणं म्हणजे बारापर्यंत उपाशी ठेवणं. मग आम्हीच आमच्या वेळा तिच्या वेळेला जोडल्या. आधी गिझर साडेपाचपासून साडेनऊपर्यंत चालू असायचा, ज्याला जेव्हा जाग येईल तेव्हा तो जायचा. आता आईपाठोपाठ रांगेने बाकीचे, आणि शेवटच्याने बटण बंद करायचं. संध्याकाळचा गिझर बंद. शॉवर मार्चपर्यंत बंद. बादली आणि तांब्या.

एके दिवशी थेंबभरही पाणी न घेता गिझर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवून पाहिला, बाकीचं बंद करून अधूनमधून मीटर बघत. नुसतं पाणी गरम राखण्यात पाऊण युनिट गेलं. आमचा गिझर जुना आहे. नवीन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, साठवणीच्या गिझरवरचे तारे उष्णतेच्या याच गळतीवर ठरतात. टाकी जितकी चांगली गुंडाळलेली, तितके तारे जास्त. आतला थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारा खटका, तोही आम्ही ५० अंशांवर आणून ठेवलाय. आधी तो शेवटच्या काट्यावर होता, इतकं कढत पाणी की अर्धी बादली गार घालायला लागायची.

जानेवारीचं बिल २१४ युनिटांचं आलं. बाराशे रुपयांच्या वर वाचले, आणि आईची बादली भरून गरम होती.

हे सगळं करताना मला सारखा आजीचा स्वयंपाक आठवत होता. चुलीला शेजारी वैल, म्हणजे तिच्याच जाळावर चालणारी जोडचूल, असायचा. पुढे भाकरी भाजली जायची आणि मागे सरकलेल्या जाळावर वैलात पाण्याचं पातेलं तापायचं. त्या पाण्यासाठी वेगळं लाकूड कधी लागलं नाही. परसात बंब होता, त्यात तुरकाठ्या, भुईमुगाची टरफलं, बागेच्या छाटणीच्या काड्या जायच्या. आणि तान्ह्या बाळाचं पाणी? तांब्याची कळशी अंगणात उन्हात ठेवलेली असायची. त्या धुराने आजीचे डोळे गेले, म्हणून मला चूल परत आणायची नाही. पण वाया जाणारी आच कुठे कामाला लावता येईल, हे त्या बाईला कळत होतं.

गॅस गिझर स्वस्त पडतो म्हणून बरेच जण तिकडे वळतात. हात जोडून सांगतो, तो बंद बाथरूममध्ये बसवू नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस कडी लावून आत गेलेला असतो आणि कळायच्या आत कोसळतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर मोकळ्या हवेत, आत फक्त पाण्याचा नळ. बाहेर जागा नसेल तर घेऊ नका, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पेटती शेगडी घेऊन दार-खिडक्या लावून झोपणंही तितकंच घातक.

उन्हाळ्याचं थोडक्यात. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास. बारा तास चालला तर महिन्याला १६ युनिटं वाचतात, म्हणजे साधारण दीड वर्षात पैसे वसूल. सगळे एकदम बदलायची गरज नाही. जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी बदला, आमच्याकडे तो आईच्या खोलीतला होता. ज्यांच्याकडे टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर लावणारा मीटर, बसलाय त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये वापरलेल्या विजेवर सवलत मिळते, तेव्हा वॉशिंग मशीन आणि इस्त्री दुपारी. आणि ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या, छपरावर सोलर पॅनेल बसवण्याच्या पीएम सूर्यघर योजनेची चौकशी जरूर करावी, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

आम्ही फ्लॅटवाले. आमची गच्ची सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. आणि माझा खरा राग इथे आहे. आमच्या इमारतीवर बांधतानाच सोलर वॉटर हीटर बसवलेत. तुमच्याही असतील, नाशिक-पुण्यातल्या कितीतरी इमारतींवर आहेत. ते चालतात का, हे शेवटचं कुणी पाहिलं? मी जानेवारीत वर गेलो. आमच्या विंगच्या चौदा काचनळ्या फुटलेल्या, उरलेल्यांत बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर, आणि खाली येणाऱ्या पाइपवरचं आवरण उन्हाने झडून गेलेलं. नाशकात हिवाळ्यात लख्ख ऊन असतं. ते रोज त्या फुटक्या नळ्यांवर पडत होतं आणि खाली चोवीस घरांत चोवीस गिझर चालू होते. आम्ही सगळ्यांनी फ्लॅट घेताना त्या हीटरचे पैसे भरलेत!

सोसायटीच्या सभेत विषय काढला तेव्हा "सोलरचं पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी वाया जातं" हा आक्षेप आला. खरा आहे. ते गार पाणी बादलीत धरा, धुण्याला वापरा, आणि पाइपला आवरण घाला म्हणजे कमी वाया जाईल. दुसरा आक्षेप खर्चाचा होता. नळ्या, सफाई आणि आवरण मिळून घरटी जेवढी वर्गणी आली, ती आमच्या एका महिन्याच्या बचतीएवढीसुद्धा नव्हती. फेब्रुवारीत आमची विंग सुरू झाली. सकाळी सहाला नळातून वाफाळतं नाही, पण चांगलं कढत पाणी येतं. आईने पहिल्या दिवशी दोनदा विचारलं, "गिझर बंद आहे ना नक्की?"

बी विंगचं काम अजून अडलंय. तिथले तिघे म्हणतात, थंडी संपली, आता पुढच्या वर्षी बघू. येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. मी वही घेऊन जाणार आहे, आणि त्या तिघांना आधी खाली मीटरपाशी नेणार आहे.