मामाचं बंडल

2025 च्या सप्टेंबरात बिडीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणायचं ठरलं, त्या आठवड्यात आईचा सोलापुरातून फोन आला. खूश होती. पूर्व भागात तिच्या ओळखीच्या कितीतरी बायका अजून मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. माझी कॉलेजची फी तिनंही तशीच भरली. मी इकडे इंग्लंडात, लीड्समध्ये मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. तंबाखूविरुद्ध तोंड उघडलं की मला आधी तिची कात्रीनं घट्टे पडलेली बोटं दिसतात. म्हणून बिडी कामगारांच्या पोटाच्या वादात मी पडत नाही. माझं भांडण तिच्याच एका वाक्याशी आहे. ‘त्याला आता दुसरं काय सुख राहिलंय गं? ओढू दे की.’

तो म्हणजे मामा. वीस वर्षांचा स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार, त्यावरच्या क्लोझापिनच्या गोळ्या आणि रोजचं एक बंडल, म्हणजे पंचवीस बिड्या.

दोन वर्षांपूर्वी त्याचा पाय मोडला आणि तो दोन आठवडे दवाखान्यात होता. बिडी बंद, गोळ्या मात्र तेवढ्याच. पाचव्या-सहाव्या दिवसापासून तोंडातून लाळ, जीभ जड, उठून बसवेना. ‘बिडी तोडली, म्हणून डोकं बिघडलं,’ असं सगळ्यांचं मत पडलं. घरी आल्यावर बिडी सुरू झाली आणि आठवड्याभरात मामा ओट्यावर येऊन बसला. झालं! तेव्हापासून आमच्या घरात बिडी हेच औषध.

घडलं ते उलटंच होतं. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन भराभर संपवतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. धूर थांबला की तोच डोस अंगावर येतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे निकोटिनची पट्टी किंवा गम दिला तरी डोस बघावाच लागतो. दवाखान्यात कुणी एका वाक्यानं विचारलं असतं, ‘दिवसाला किती ओढता?’ तर पुढचं टळलं असतं.

इथं आमच्या वॉर्डात हा प्रश्न दाखल करतानाच विचारतात. ओढणं थांबलं की पहिल्या आठवड्यात डॉक्टर डोस साधारण पाव हिश्श्यानं उतरवतात, रक्तातली पातळी तपासतात. म्हणून इंग्लंड म्हणजे स्वर्ग, असं मात्र नाही. 2008 पासून मनोरुग्णालयांच्या इमारतींत धूम्रपानाला बंदी आहे, पुढे आवारातही आली. तरी फाटकाबाहेर घोळका असतोच, आणि कधी कधी त्यात आमचा स्टाफही! यॉर्क विद्यापीठानं सिगारेट ओढणाऱ्या 526 गंभीर मनोरुग्णांवर केलेला अभ्यास 2019 साली छापून आला. खास प्रशिक्षित माणूस मदतीला दिला, तेव्हा सहा महिन्यांनी 14 टक्के लोकांची सिगारेट सुटली, नेहमीच्या पद्धतीत 6 टक्क्यांची. वर्षअखेर हाच फरक 15 आणि 10 वर आला. आकडे लहान आहेत. पण या आजाराची माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि त्यात हृदय-फुप्फुसांचे आजार फार मोठे. त्यापुढे शंभरात पाच-आठही मला थोडे वाटत नाहीत.

‘सोडली की वेड वाढेल’ ही भीती इथल्या डॉक्टरांनाही होती. 2016 मध्ये आठ हजारांवर लोकांवरचा मोठा अभ्यास आला, त्यातले निम्मे मनोरुग्ण. व्हॅरेनिक्लिन किंवा बुप्रोपिऑन या धूम्रपान सोडवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा मानसिक त्रास औषध नसलेल्या गोळीपेक्षा लक्षणीय वाढला नाही. इथं व्हेप, म्हणजे ई-सिगारेटही हातात देतात. भारतात 2019 पासून त्याच्यावर बंदी आहे, त्यामुळे तो विषय मी आईकडे काढतच नाही.

मला चीड येते ती त्या ‘ओढू दे की’मधल्या दयेची. शेजारच्या काकांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांच्या खिशातली पाकिटं याच घरानं काढून घेतली होती. मामाला मात्र बंडल आणून देतो. कुणी वाईट मनानं नाही देत, पण त्याच्याकडून कुणाला काही अपेक्षाच उरलेली नाही.

डिसेंबरात गेले तेव्हा मामाला सरळ विचारलं, ‘सोडायची का?’ म्हणाला, ‘इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही बघ.’ आता त्याच्या डॉक्टरांना सांगून, डोस बघत, बिड्या एकेक करून उतरवतोय. बंडल आईकडे असतं, तिच्या जुन्या सुपात. तिच्या हिशेबानं दिवसाला सोळा. मामानं फोनवर मला हळूच सांगितलं, अठरा.