'लास्ट किती?' विचारून गाडी स्वस्त होत नसती मालक

मालक, तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं, सेकंडहँड गाडी घेताना चॅटवरच 'लास्ट किती' विचारून भाव फोडायचा आणि मगच पेट्रोल जाळायचं, मी लोकांना उगाच फेऱ्या मारायला लावतो, आणि विजापूरकडं तीच गाडी पन्नास हजारांनी स्वस्त असताना सोलापुरात एमएच-१३ चाच हट्ट धरतो.

राग नाय, पण पटलं पण नाय. गाडी विकायला टाकल्यापासून त्या माणसाला दिवसभर 'लास्ट किती'च येत असतंय, तो एकतर ब्लॉक करतो नाहीतर तोंडाला येईल तो आकडा फेकतो, आणि तुम्ही गाडी न बघता त्याला हो म्हणून बसलात की मग गुळगुळीत टायर दिसले तरी बोलायला जागा राहत नाही. चॅटवर आरसी मागा की! सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, मालक कितवा, इन्शुरन्स कधी संपतोय, बँकेचा बोजा आहे का, सगळं घरबसल्या कळतंय.

भाव गाडीपाशीच. सकाळी लवकर जायचं, आधीच सांगून ठेवायचं की गाडी चालू करू नका, आणि पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर तापवून ठेवलीय, थंड इंजिनाचा आवाज न धूर तुम्हाला कळू नये म्हणून. टायरवर चार आकडे असतात, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर वीस हजार आणि चारी टायर २०२२ चे? इतक्या कमी रनिंगला टायर का बदलले ओ, एवढंच हसत विचारायचं, मीटर मागं फिरवल्याचा संशय असतोय तो. (स्टेपनी पण बघा, ती सहसा खरं बोलते.)

आता केए-२८, म्हणजे तुमची विजापूर पासिंगची कर्नाटकची गाडी. इथं नावावर करायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं, नवीन नंबर, आणि तिकडं भरलेल्या टॅक्सच्या रिफंडसाठी वेगळे हेलपाटे. कर्ज असलं तर बँकेची एनओसी न बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी. एवढं करून स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्या, मी कुठं अडवलंय.

फक्त ते 'पाच हजार टोकन टाकून गाडी अडवा' लिहिलंय ना, ते नका सांगू कुणाला. मिलिटरीत आहे, बदली झालीय, गाडी एअरपोर्टला लावलीय म्हणणारे ठग त्याचीच वाट बघत असतात.

तुमच्या विजापूरच्या गाडीचं मॉडेल, साल आणि पेट्रोल का डिझेल ते टाका, टॅक्सचा हिशोब खाली मांडू.