'अभ्यास न करता' या दोन शब्दांबद्दल

महोदय,

कर्नाटकातल्या हलगली गावच्या १८५७च्या उठावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, '१८७८चा शस्त्र कायदा परवान्यापुरता होता. जप्ती वगैरे व्हॉट्सॲपवरचा इतिहास. अभ्यास न करता भावना भडकवणं सोपं असतं.'

एक कबूल करतो. हलगली मुधोळकर घोरपड्यांच्या संस्थानात होती, मी जमखिंडी लिहिलं. चूक माझी, दुरुस्त केली.

पण 'अभ्यास न करता'? मला ओळखता तरी का तुम्ही? माझ्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, भातात डुकरं घुसायची म्हणून. निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप यायचा. आजोबा बंदूक जुन्या धोतरात गुंडाळायचे आणि आम्ही दोघं चालत जाऊन ती जमा करायचो. पावती घेताना ते दर खेपेला विचारायचे, 'माझा गुन्हा काय?' एका वर्षी बंदूक परत आली ती नळीला गंज चढून, दस्ता चिरलेला. त्या दुपारी ओटीवर बसून ते खोबरेलाचा बोळा फिरवत राहिले, जेवायलाही उठले नाहीत. हे बघत वाढलेल्या माणसाला तुम्ही अभ्यास शिकवणार?

आणि कायदा वाचायचाच तर नीट वाचा. व्हाइसरॉय लिटनच्या त्या १८७८च्या कायद्यात सरकारला परवानाधारकाचंही शस्त्र उचलून नेता येत होतं आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी हवे तितके दिवस ठेवून घेता येत होतं. याला जप्ती नाही तर काय म्हणतात? १९५९च्या कायद्यात कलम २४ म्हणून ते आजही आहे. त्याच १८७८मध्ये लिटनने देशी वर्तमानपत्रांवर आणलेला कायदा पुढचा व्हाइसरॉय रिपन याच्या काळात, १८८२ला गेला. बंदुका-तलवारींवरचा मात्र स्वातंत्र्यानंतरही, १९५९चा कायदा १९६२ला लागू होईपर्यंत, राहिला.

हलगलीच्या बेडर जमातीचं तर त्याच्याही आधीचं. १८५७च्या धामधुमीत निःशस्त्रीकरणाचा हुकूम आला. शिकार आणि राखणदारी यांवर पोट असलेल्या त्या लोकांनी नोव्हेंबरात हत्यारं द्यायला नकार दिला. फौज आली, गाव जाळलं, माणसं फासावर गेली. यात कोण कुणाच्या भावना भडकवतंय?

युरोपियनांना या कायद्यातून असलेली सूट पुढे काढली गेली, दंगलीत जप्ती लागतेच, हे तुमचे बाकीचे मुद्दे नेहमीचेच आहेत. त्यांत शिरत नाही. पुढच्या खेपेला टोपणनावाआडून नको, स्वतःच्या नावाने लिहा. मी माझ्या नावाने लिहितो.