पातळी नॉर्मल, तरी एल्ट्रोम्बोपॅग का?

तुमचा आक्षेप असा: जुनाट आयटीपी (शरीराच्या स्वतःच्याच अँटिबॉडींमुळे प्लेटलेट कमी होण्याचा आजार) असलेल्या नातेवाइकाची थ्रॉम्बोपॉयटिनची (प्लेटलेट बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाची) पातळी नॉर्मल आली, मग त्याच संप्रेरकाचं काम करणारी एल्ट्रोम्बोपॅगची गोळी देणं हा निव्वळ औषधविक्रीचा प्रकार. शिवाय रोज सकाळी दुधासोबत घेऊनही दोन आठवड्यांत प्लेटलेट 18,000च्या वर गेल्या नाहीत.

आधी पातळीचं. यकृत हे संप्रेरक साधारण एकाच वेगाने बनवत राहतं. रक्तात ते किती उरतं, हे त्याला चिकटवून घेऊन संपवणाऱ्या प्लेटलेट आणि हाडांच्या मज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या) पेशींवर ठरतं. अप्लास्टिक अॅनिमियात मज्जाच रिकामी असते, म्हणून पातळी कितीतरी पटींनी चढते. आयटीपीत मज्जेत या पेशी भरपूर असतात, आणि नव्या प्लेटलेट प्लीहेत नष्ट होताना संप्रेरकही सोबत नेतात. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधलं ‘नॉर्मल’ हे 18,000 प्लेटलेटच्या मानाने अपुरं आहे. अँटिबॉडी मेगाकॅरिओसाइटलाही इजा करतात, त्यामुळे निर्मितीही मंदावलेली असते. औषध तीच वाढवतं. नाश थांबवणं हे त्याचं काम नव्हे. म्हणूनच आयटीपीत ही तपासणी करून उपचार ठरवत नाहीत. तिच्यावर पैसे घालवू नका.

‘मग थेट संप्रेरकच टोचा ना’ हेही तुम्ही विचारलंय. 1990च्या दशकात ते झालं. काहींच्या शरीरात त्या इंजेक्शनविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी स्वतःच्या थ्रॉम्बोपॉयटिनवरच उलटल्या, प्लेटलेट आणखी घसरल्या, आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यानंतरचं रोमिप्लोस्टिम हे इंजेक्शन रचनेने मूळ संप्रेरकाशी साम्य नसलेलं आहे, आणि एल्ट्रोम्बोपॅग रिसेप्टरला (संप्रेरक पेशीवर जिथे चिकटतं त्या रेणूला) वेगळ्याच जागी चिकटतं. अमेरिकेत दोन्हींना 2008मध्ये मान्यता मिळाली.

आता दूध. मला तर खरी अडचण इथेच दिसते. एल्ट्रोम्बोपॅग कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम यांना घट्ट धरतं आणि मग आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. गोळी जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची. दूध, दही, ताक, पनीर, अँटासिड, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या यांच्या किमान दोन तास आधी, नाहीतर चार तासांनंतर. कमी कॅल्शियमचं, म्हणजे 50 मिलीग्रॅमपर्यंतचं खाणं चालतं. पण 100 मिली दुधातच सुमारे 120 मिलीग्रॅम असतं, तेव्हा दाट दुधाचा चहाही नको. नाचणीची भाकरी आपल्या डोक्यात येत नाही, तिच्यातही भरपूर कॅल्शियम असतं. रात्रीचं जेवण आठला होत असेल आणि झोपताना दूध घ्यायची सवय नसेल, तर रात्री बाराची वेळ सगळ्यात सोपी.

डोस वाढवण्याआधी ही वेळ सुधारा, मग दोन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघा. लक्ष्य 50,000च्या वर, दीड-दोन लाख नव्हे. 2 लाखांच्या वर गेल्या तर डॉक्टर डोस कमी करतात, 4 लाखांच्या वर औषध थांबवतात, कारण गुठळीचा धोका असतो. डोस ठरेपर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढे दरमहा यकृताच्या तपासण्या करायच्या. एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढू शकतं.

आणि रागाने गोळी एकदम बंद करू नका. वाढलेल्या मेगाकॅरिओसाइट उरलेलं संप्रेरक शोषून घेतात आणि प्लेटलेट आधीपेक्षाही खाली जाऊ शकतात. बंद करायचीच ठरली, तर हीमॅटॉलॉजिस्टला (रक्तविकारतज्ज्ञाला) सांगून, आणि त्यानंतर चार आठवडे दर आठवड्याला सीबीसी.