‘बोट ठेवा, वचन घ्या’ : या मेसेजला उत्तर

ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. प्रार्थना करा, डोळे मिटून बायबल उघडा, बोट पडेल ते वचन देवाने आज तुमच्यासाठीच दिलंय. अभ्यास नको, पवित्र आत्माच शिकवतो. नमुन्याला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 (अध्याय 29, वचन 11) दिलंय: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत.

हेच वचन पाहू. बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) बंदिवासात गेलेल्यांना यिर्मयाने यरुशलेमेहून पाठवलेलं हे पत्र आहे. एकच वचन वर जा: सुटका 70 वर्षांनी. आणखी वर, 5 आणि 6 मध्ये: घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा. म्हणजे इतक्यात सुटका नाही. ‘दोन वर्षांत सगळं परत येईल’ असं सांगणारा संदेष्टा हनन्या आदल्याच अध्यायात आहे, आणि तो खोटा ठरला. अकरावं वचन एकटं उचललं की यिर्मयाच्या तोंडी आपण हनन्याचाच संदेश घालतो. त्यातला दिलासा आपल्यालाही आहे, पण तो या महिन्यातल्या नोकरीचा किंवा व्हिसाचा शब्द नव्हे.

वचनांचे आकडेही मूळ लेखकांचे नाहीत. नव्या करारातले (बायबलच्या दुसऱ्या भागातले) आजचे आकडे 1551 साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिलं, सुटी वचनं नव्हे. म्हणून फिलिप्पै 4:13 चं ‘सर्व काही करावयास शक्तिमान’ हे 4:10 पासून वाचा. तिथे भूक आणि विपन्नावस्था आहे, परीक्षेतला पहिला नंबर नाही.

‘कोणी शिकवण्याची गरज नाही’ हे 1 योहान 2:27 मध्ये आहे खरं. पण 26 वं वचन भुलवणाऱ्यांबद्दल आहे, आणि हे लिहिताना योहान स्वतः शिकवतोच आहे! प्रेषितांची कृत्ये 8 मध्ये यशयाचं पुस्तक वाचणाऱ्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याकडे, ते समजावून सांगायला, आत्म्यानेच फिलिप्पाला पाठवलं. पंडिता रमाबाईंनी तर साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल देण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतर केलं. आत्मा आणि अभ्यास यांचं वैर कुठून आलं?

सुरुवात फिलिप्पैपासून करा. चारच अध्याय, एका बैठकीत मोठ्याने वाचून होतात. वहीत आधी लिहा: कोण, कोणाला, का. मग आधीचा आणि नंतरचा परिच्छेद. ‘मला काय’ हे शेवटी. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्यात पाच दिवस रोज एक घेतला तर 52 आठवड्यांत संपतो, आणि चुकलेलं भरून काढायला शनिवार-रविवार उरतात.