बासरीवाले काका आणि वेगाचा काटा

"थांबला ना काटा?" असं शेजारच्या हँगरमधल्या काकांनी शनिवारी मला विचारलं. तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो.

माझं घरी बांधलेलं दोन आसनी विमान. ६० नॉटवर (म्हणजे ताशी साधारण १११ किलोमीटरवर) स्थिर धरलं, तरी वेगाचा काटा ५० ते ७० च्या मध्ये झोके घ्यायचा. विमान ४० ला स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला उचलून धरेनासे होतात, आणि उतरताना ५५ धरायचे असतात. म्हणजे काटा म्हणेल त्यावर विश्वास ठेवायचा, तर आधी मृत्युपत्र करून ठेवायला हवं.

हे यंत्र मुळात वेग मोजतच नाही. पिटो नळीत समोरून घुसणाऱ्या हवेचा दाब आणि बाजूच्या स्टॅटिक भोकांतला स्थिर दाब, यांच्यातला फरक ते मोजतं. हा फरक ६० नॉटला किती? पाण्याची उंची धरली तर जेमतेम ६ सेंटीमीटर. १०० ला साडेसोळा, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून अर्ध्या सेंटीमीटरची चूक १०० ला दीड नॉट दाखवते, ४० ला जवळपास चार. जिथे नेमकेपणा हवा तिथेच हे यंत्र डोळे मिचकावतं.

पहिला संशय गळतीवर. पिटोच्या पोटाकडचं बारीक छिद्र बोटाने झाकून तोंडावर मऊ रबरी नळी चढवायची, दुसरं टोक बंद करून ती हळूहळू गुंडाळत न्यायची, काटा ८० वर आला की थांबायचं. मिनिटभर हलता कामा नये. नाही हलला. स्टॅटिकच्या बाजूला सिरिंजने हलकेच ओढायचं. त्याच स्थिर दाबावर चालणारा उंचीमापक १,००० फूट चढला की नळी चिमटायची. मिनिटात १०० फुटांहून जास्त उतरला तर गळती. मात्र पिटोही त्याच ओढीला जोडायला विसरू नका. नुसतं स्टॅटिक ओढलं तर तेवढ्यात वेगाचा काटा दीडशेला भिडतो, आणि माझी तबकडी १४० ला संपते.

या दुसऱ्या चाचणीसाठी सिरिंज शोधायला मी आत गेलो. बाहेर आलो तर काका पिटोसमोर वाकलेले.

"तुंबलीय. फुंक मार."

"काका, दुसऱ्या टोकाला यंत्र आहे. आत कागदासारख्या पत्र्याची डबी असते."

"मी सात वर्षं बासरी वाजवलीय."

"ही बासरी नाही."

"मग हे भोक कशाला?" त्यांनी नळीच्या पोटाकडचं बारीक छिद्र दाखवलं.

"पावसाचं पाणी निथळायला."

"झाकल्याशिवाय सूर कसा लागेल?" असं म्हणून त्यांनी त्या छिद्रावर अनामिका ठेवली (तर्जनी नव्हे, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं), डोळे मिटले आणि छातीभर श्वास घेतला. मी "काका!" म्हणेपर्यंत सूर लागला होता. छातीतून जोरात फुंकलं की दोनशे नॉटच्या वरचा दाब सहज निघतो. काटा १४० ओलांडून खुंटीवर आपटला आणि परतताना २५ वर अडकला. विमान जमिनीवर, चाकांना अडण्या लावलेल्या, आणि वेग २५.

"थांबला ना काटा?"

थांबला. नवीन यंत्र बसवावं लागलं. जुनं बिचारं निर्दोष होतं, हे जास्त लागलं.

नव्या यंत्रातही काटा नाचलाच. मग उशिरा लक्षात आलं की उंचीमापकही पन्नासेक फूट डुलतोय. फक्त वेगाचा काटा नाचला तर पिटो बघा. दोन्ही नाचले तर स्टॅटिक. सीटमागे स्टॅटिक नळीला झोळ पडला होता आणि त्यात बोटभर पाणी. गळतीची चाचणी ते पकडत नाही, कारण पाणी गळत नाही, डुलतं. दोन सेंटीमीटर इकडे, दोन तिकडे: ५० ते ७०. हिशेब तंतोतंत.

आराखड्यात ती नळी सरळ रेघेने दाखवलीय! रेघ काढणाऱ्याला झोळ काढून कोण देणार?

उपाय असा: दोन्ही नळ्या यंत्रांपासून सोडवायच्या, यंत्रांच्या टोकाकडून भोकांकडे हलक्या दाबाने हवा सोडायची, झोळ काढून नळीला उतार द्यायचा आणि सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचं बूच बसवायचं. पाणी आलं विमान धुताना. धुताना भोकांवर पट्टी लावावी, आणि ती काढावी. १९९६ मध्ये पेरू देशाजवळ एक बोइंग ७५७ ही पट्टी तशीच राहिल्याने समुद्रात पडलं, ७० माणसं गेली.

आता काटा ६० वर, इकडे-तिकडे एक नॉट. काका हँगरभर सांगत फिरतात की फुंकरीने सुटलं.

मी पिटोला लांब लाल फीत असलेलं झाकण आणलंय. कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते, म्हणून ते हवंच. काकांनी विचारलं, "हे कशासाठी?"

"किडे तोंड घालतात म्हणून," मी म्हटलं.